नागपूरहून मुंबईला रुग्ण न्यायचाय: विमान, रेल्वे की समृद्धीवरून रुग्णवाहिका?

टाटा हॉस्पिटलची तारीख मिळाली की घरात पहिला विषय निघतो तो तिकिटाचा. विमानाचा दीड तास, रेल्वेची एक रात्र, समृद्धी महामार्गावरून आठ-नऊ तास. तासांचा हिशेब मांडला की सगळे विमानाकडे झुकतात. पण रुग्णाच्या बाबतीत आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: त्याला ऑक्सिजन किती कमी पडतोय, त्याच्या अंगात कुठे हवा अडकली आहे का, आणि तो सरळ बसू शकतो का. यांची उत्तरं मिळाली की निम्मी निवड आपोआप होते.

केबिनमधली हवा

विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्या इतका नसतो. तो जास्तीत जास्त ८,००० फूट, म्हणजे २,४३८ मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. रुग्णाला त्याच्याही वर नेऊन बसवायचं आहे, असं धरून चाला. तिथे मिळणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के असल्यासारखा भरतो. धडधाकट माणसाचा ऑक्सिमीटरवरचा आकडा त्यामुळे नव्वदीच्या सुरुवातीला येतो आणि त्याला ते जाणवतही नाही. पण घरी खुर्चीत बसल्या बसल्या ज्याचा आकडा ९१ आहे, त्याच्या हाताशी उतरायला जागाच नसते.

ढोबळ नियम असा: बाहेरून ऑक्सिजन न लावता आकडा ९५ किंवा वर असेल तर सहसा चिंता नाही. ९२ ते ९५ च्या मध्ये असेल आणि सोबत फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. ९२ च्या खाली असेल तर विमानात ऑक्सिजन लागणारच. घरच्या घरी करायची एक जुनी चाचणीही आहे. रुग्णाला सपाट जागेवर ५० मीटर चालवा. धाप लागून थांबावं लागलं, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय विमानाचा विचार करू नका.

रेल्वेत आणि रस्त्यावर हा प्रश्न जवळपास येतच नाही. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे आणि वाटेतली मोठी उंची इगतपुरीची, तीही ६०० मीटरच्या आसपास. फुप्फुसाच्या रुग्णासाठी रेल्वेची बाजू इथेच जड होते, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक घरांत कुणाच्या लक्षात येत नाही.

अडकलेल्या हवेचं गणित वेगळं आहे. वर गेल्यावर ती साधारण ३० टक्के फुगते. शस्त्रक्रियेनंतर अशी हवा आत राहू शकते, म्हणून पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल तर १० दिवस, दुर्बिणीतून छोटी झाली असेल तर एक-दोन दिवस थांबतात. फुप्फुसाभोवती हवा भरली होती, तर फुप्फुस पूर्ण फुललेलं एक्स-रेत दिसल्यावर आणखी किमान ७ दिवस जाऊ द्यावेत. डोळ्यात पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी वायू भरला असेल तर तो पूर्ण विरेपर्यंत विमान नाहीच. हा काळ वायूच्या प्रकारानुसार दोन ते सहा आठवडे असू शकतो, आणि तोवर बसल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. नव्या प्लास्टरमध्येही हवा अडकते, ते असेल तर दोन तासांच्या आतल्या उड्डाणाला २४ तास थांबा, लांबच्याला ४८. कोलोस्टॉमीची, म्हणजे शौचासाठी पोटावर लावलेली पिशवी असणाऱ्याने मोठ्या मापाची पिशवी लावावी आणि एक जादा हाताशी ठेवावी, कारण ती फुगते आणि सुटते.

केमो चालू असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ७.५ च्या खाली असेल तर विमान कंपनीचे डॉक्टर अडवतात आणि ते बरोबर आहे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. तीव्र वेदनेचा झटका येऊन १० दिवस झाले नसतील तर विमान टाळा. फक्त वाहक असलेल्यांना सहसा अडचण येत नाही. हृदयविकाराचा साधा झटका येऊन ७ ते १० दिवस झाले आणि गुंतागुंत नसेल, तर डॉक्टरांच्या परवानगीने बसता येतं.

साधी सीट: सगळ्यात जास्त जणांना पुरेल

बसता येतं, आकडा चांगला आहे, शस्त्रक्रिया जुनी आहे, अशा रुग्णाला साधी सीट आणि व्हीलचेअर पुरते. व्हीलचेअर मागताना नेमकं सांगा, कारण तिचे तीन प्रकार नोंदवले जातात: पायऱ्या चढू शकतो पण लांब चालवत नाही, पायऱ्याही चढवत नाहीत, आणि सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं. तिसऱ्या प्रकारासाठी अरुंद खुर्ची आणि माणसं लागतात. पहिला प्रकार नोंदवून तिथे गेल्यावर तिसरा मागितला, तर विमान सुटायच्या वेळेला धावपळ होते. मागणी किमान ४८ तास आधी नोंदवा. तिकीट एखाद्या ॲपवरून काढलं असेल तर कंपनीला स्वतः फोन करून ती नोंद तिकिटावर चढली आहे ना, हे विचारा. बऱ्याचदा चढलेली नसते.

कागदावर अडणारी माणसं तर याहून जास्त. 'प्रवासास हरकत नाही' एवढीच ओळ लिहिलेली चिठ्ठी चालत नाही. डॉक्टरांच्या पत्रात निदान, शस्त्रक्रियेची तारीख, ऑक्सिजन न लावता घेतलेला आकडा, हिमोग्लोबिन, सरळ बसू शकतो का, ऑक्सिजन मिनिटाला किती लिटर, सोबत कोण, आणि 'विमान प्रवासास योग्य' हे स्पष्ट शब्द हवेत. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि तारीख. पत्र ताजं असावं. ऑक्सिजन किंवा स्ट्रेचर लागणार असेल, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर कंपनीचा वैद्यकीय फॉर्म उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून दोन-तीन दिवस आधी पाठवायचा असतो.

२०२२ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, नियम बदलला. केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवाशाला नाकारता येत नाही. प्रकृती वाटेत बिघडेल असं कंपनीला वाटलं, तर विमानतळावरच्या डॉक्टरांनी प्रवाशाला तपासून स्पष्ट मत द्यायचं आहे. काउंटरवरचा कर्मचारी परस्पर 'नाही' म्हणाला, तर डॉक्टरांना बोलवा म्हणून शांतपणे आग्रह धरा.

घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, चालतो, पण मॉडेल कंपनीने मान्य केलेलं हवं आणि बॅटरी उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकं टेपने झाकून. हा वेळ घर ते घर धरा, कारण विमानतळावरचे दोन तासही बॅटरीच खातात.

आडवं न्यायचं असेल तर

साध्या विमानातलं स्ट्रेचर सीटच्या रांगांवर बसवलं जातं आणि तेवढ्या सगळ्या सीटचं भाडं लागतं. सगळ्या कंपन्या घेत नाहीत, आणि सोबत परिचारिका किंवा डॉक्टर लागतोच. नागपूर–मुंबईसारख्या अंतराला हा पर्याय आम्ही सहसा सुचवत नाही. तयारीचे दोन-तीन दिवस आणि दोन्हीकडच्या चढउतारी धरल्या तर रेल्वे किंवा रुग्णवाहिका आधी पोहोचते.

एअर ॲम्ब्युलन्स व्हेंटिलेटरवरच्या, किंवा दर तासाला औषधाचा डोस बदलावा लागतो अशा रुग्णासाठी आहे. खर्च काही लाखांत जातो. पैसे भरण्याआधी विमान कुणाचं आणि नोंदणी क्रमांक काय, ते विचारा, कारण जाहिरात करणारे बरेच जण दलाल असतात. सोबत अतिदक्षतेचा डॉक्टर आहे का, दोन्हीकडच्या रुग्णवाहिका दरात धरल्या आहेत का, नातेवाईक किती बसतील? फुप्फुसाच्या रुग्णासाठी केबिनचा दाब जमिनीच्या जवळ ठेवणार का, हेही विचारा. त्यासाठी विमान खालून उडवावं लागतं आणि इंधन जास्त लागतं. मुंबईत बेड राखून ठेवला आहे, हे लेखी मिळेपर्यंत नागपूरची खाट सोडू नका.

रस्त्याने समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, पुढची ठाण्याची गर्दी वेगळी धरा. ऑक्सिजनचा हिशेब स्वतः करा. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो. मिनिटाला २ लिटरने तो बारा तास पुरतो, ४ लिटरने सहाच. चार लिटर लागणाऱ्याला दोन सिलिंडर आणि वर एक राखीव. सिलिंडरवरचा दाबाचा काटा निघण्यापूर्वी डोळ्यांनी बघा, चालकाच्या शब्दावर जाऊ नका.

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ आहे, फर्स्ट आणि सेकंड एसीत निम्मं. हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. खालचा बर्थ, संडास जवळ, रात्रभर झोप: केमोच्या रुग्णाला हे दीड तासाच्या विमानापेक्षा पुष्कळदा सुखाचं पडतं. डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटवर घरचा कॉन्सन्ट्रेटर चालेल असं धरू नका. त्याला तीनशे वॉटच्या आसपास लागतात आणि सॉकेट तेवढ्यासाठी नसतं. वैद्यकीय कारणासाठी सिलिंडर नेता येतो, कागद सोबत ठेवा. आणि मधल्या स्टेशनांवर रुग्णालय जवळ असेलच असं नाही, म्हणून अचानक कोसळू शकणाऱ्या रुग्णाला रेल्वेत बसवू नये.

भीती वाटत असेल तर

आजारासोबत विमानाची धास्तीही असली की घरचे झोपेची गोळी देऊन मोकळे होतात. अल्प्राझोलामसारखी औषधं श्वासाची गती मंद करतात. ज्याचा ऑक्सिजन आधीच काठावर आहे, त्याच्यासाठी वर गेल्यावर हे धोक्याचं आहे. डॉक्टरांनी लिहूनच दिली असेल तर आठवडाभर आधी घरी एकदा घेऊन बघा. काही ज्येष्ठांना तिने गुंगीऐवजी भ्रम होतो, आणि ते हवेत कळू नये.

त्याऐवजी पंखाजवळची, पण वाटेच्या कडेची सीट घ्या, तिथे हिसके कमी बसतात. चढताच कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा. धडधड सुरू झाली तर श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. भराभर श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येतात आणि त्या मुंग्यांनी भीती वाढते, हे आधीच समजावून सांगितलं तर निम्मा जोर ओसरतो. ऑक्सिमीटर सोबत ठेवा. आकडा ठीक असताना छातीत धडधड असेल तर बहुधा घाबरणं. पण हृदयाच्या रुग्णाची छाती दुखत असेल तर आकडा कितीही चांगला असो, कर्मचाऱ्यांना लगेच बोलवा. दार बंद होण्याआधीच फार त्रास होत असेल तर उतरून घ्या. त्याच रात्रीच्या रेल्वेचं रद्द करता येईल असं तिकीट आधीच काढून ठेवलं असेल, तर उतरण्याचा निर्णय घेणं घरच्यांना जड जात नाही.