एकच गाळ तीनदा मोजला आणि ४,५६,४२४ रुपये नेले

गाडीवरचं स्लज डिवॉटरिंग मशीन (सांडपाण्याच्या गाळातलं पाणी काढणारं) भाड्याने बोलावणार असाल तर आधी हे वाचा. कांदिवली पूर्वेला आमची सोसायटी, मी सेक्रेटरी. ४,५६,४२४ रुपये गेले, तेही पक्क्या बिलावर, आणि आम्हीच बँकेत जाऊन आरटीजीएस केलं.

आमचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, १२० केएलडीचा (दिवसाला १२० हजार लिटर). सी विंगमध्ये लोक राहायला आल्यावर १७० यायला लागलं. बिल्डरने हात वर केले. गाळ पिळणाऱ्या फिल्टर प्रेसची कापडं फाटलेली, स्लज टाकी काठोकाठ, हवा सोडायच्या एरेशन टाकीवर तपकिरी फेस, आणि ग्रुपवर उठल्यासुटल्या वासाच्या तक्रारी. अशात कोणी ‘गाडी आणतो, टाक्या रिकाम्या करतो’ म्हटलं तर तुम्ही काय केलं असतं? कोटेशन कमिटीत वाचलं, सगळ्यांच्या सह्या आहेत. आता तेच लोक ‘सेक्रेटरीने बघायला हवं होतं’ म्हणतात.

दर असा: उपसलेल्या गाळाला घनमीटरमागे १,२०० रुपये, मशीन आणण्या-नेण्याचे ४०,०००, पॉलिमर (गाळाचे गोळे करून पाणी सोडवणारं रसायन) वेगळा. अंदाज ९० घनमीटर. वर फुशारकी, की वरळीच्या ५०० एमएलडी (दिवसाला ५० कोटी लिटर) प्लांटवर आमचंच मशीन चालतं. तिथे तेव्हा बांधकाम चालू होतं! २,००,००० ॲडव्हान्स घेतला.

मशीन खोटं नव्हतं. गाळ गरगर फिरवून पाणी वेगळं करणारा सेंट्रीफ्यूज घरघरत होता, पोरं हेल्मेट घालून होती. संध्याकाळी मी टाकीत डोकावलो तर पातळी सकाळी होती तिथेच. मीटरवर ७० घनमीटर आणि आमची स्लज टाकी अख्खी ३० ची. विचारलं. मशीनवाला हसून म्हणाला, ‘काका, वर लोक आंघोळी करतायत, इनलेट चालूच आहे ना.’ इनलेट, म्हणजे घरांतून येणारं सांडपाणी, आधी इक्वलायझेशन टाकीत पडतं, स्लज टाकीत नाही. पण हे बोलायचं कोणी? दरमहा पगार घेणारा ऑपरेटर शेजारीच मोबाइलमध्ये मान घालून उभा होता. मी बँकेत नोकरी केली, गटारात नाही. चेअरमन साहेब म्हणाले, त्याला काम करू द्या. त्या टाकीत एक बांबू उभा करून खूण केली असती तरी खेळ तिथेच संपला असता. तुम्ही करा. बांबूला पैसे पडत नाहीत.

प्रकार असा होता. मशीनमधून सुटलेलं पाणी पुन्हा प्लांटच्या सुरुवातीला, म्हणजे इक्वलायझेशन टाकीत जायला हवं. यांनी तो पाइप गुपचूप त्याच स्लज टाकीत सोडलेला. पॉलिमर नावापुरता, त्यामुळे गाळ वेगळा होतच नव्हता. काळं पाणी आत, काळंच बाहेर, आणि मीटर फिरतोय. ते पाणी पारदर्शक बाटलीत भरून बघा. काम नीट असेल तर जवळपास नितळ दिसतं. ‘पॉलिमर सेट होतोय’ हे उत्तर मिळालं तर पंप बंद करायला लावा.

बिल आलं २६५ घनमीटरचं: ३,१८,०००. आणण्या-नेण्याचे ४०,०००. पॉलिमर ६० किलो, ४८० च्या भावाने, २८,८००. जीएसटी ६९,६२४. गाडीला दुसरी साइट आहे म्हणून उरलेले २,५६,४२४ घाईघाईने घेतले.

मग माझ्या भाच्याने, तो केमिकल इंजिनिअर, पाच मिनिटांत हिशेब मांडला. गाळात एक टक्का घन पदार्थ धरला तरी २६५ घनमीटरमध्ये २.६५ टन सुका माल. २० टक्के घन असलेला केक, म्हणजे पाणी काढलेला घट्ट गाळ, निघाला तर सव्वातेरा टन. आमच्याकडून गेला एक छोटा हत्ती, तोही गळणाऱ्या गोण्यांचा! टनभर म्हणा. आणि सुक्या टनाला पॉलिमर साधारण पाच ते दहा किलो लागतो, यांनी बिलात २२ च्या वर लावलेला. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तो कधीच रद्द झालेला. हे पैसे देण्याआधी बघायचं असतं, फुकट दिसतं. वजनकाट्याची पावती नसेल तर केकची एक गोणीही गेटबाहेर सोडू नका.

पोलीस ठाण्यात साहेबांनी बिल उलटसुलट पाहिलं. ‘काम झालंय, बिल आहे, सही तुमची आहे. दिवाणी बाब, वकील गाठा.’ मीटर खोटा कसा फिरवला हे सांगायला लागलो तर म्हणाले, आम्हाला गटारातलं कळत नाही. वॉर्डात गेलो: एसटीपी सोसायटीची खासगी बाब. गोण्या कुठल्या नाल्यात टाकल्या असतील, निदान ते शोधा म्हटलं, तर म्हणे पत्ता आणा, मग बघू. आणखी एका कार्यालयाने मात्र तत्परता दाखवली. माझा तक्रार अर्ज वाचून त्यांनी माणूस पाठवला, आमच्याच आउटलेटचं सॅम्पल घेतलं आणि नोटीस बजावली. आम्हाला! चोराचा फोन बंद, आणि आमच्या नावाने जावक क्रमांक.

घनमीटरवर काम देऊच नका, केकच्या वजनावर द्या आणि केक किती सुका हवा ते करारात लिहून घ्या. बोरिवलीच्या एका सोसायटीकडेही याच पद्धतीचं कोटेशन आलंय, फर्मचं नाव वेगळं, आकडा तोच १,२००. कोणाकडे असं बिल असेल तर कागद जपून ठेवा. दोन-तीन सोसायट्या मिळून अर्ज दिला तर बघू ‘दिवाणी बाब’ किती जणांना म्हणतात.