माझ्या सीएनजी गाडीने प्यालेलं डिझेल

मी नाशिकला इंटिरियरची कामं घेते. बिल्डर आणि ऑफिसवाले पैसे देताना 10 टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, बाकी हिशेब माझा मी. 2023-24 मध्ये 16 लाखांची बिलं झाली, म्हणजे 1 लाख 60 हजार कापले गेले.

नणंदेच्या ओळखीतून एक आयकर रिटर्न भरून देणारा आला. ‘ताई, कामाला गाडी वापरता ना? मग कापलेला पैसा न् पैसा परत आणतो. आधी काही देऊ नका, रिफंडच्या 15 टक्के द्या.’ आधी पैसे मागत नाही म्हणजे माणूस सरळ, असं वाटलं. आयकर पोर्टलचा पासवर्ड दिला, ओटीपीसुद्धा फोनवर सांगितला. पूर्ण रिफंड आला. मी 24 हजार दिले आणि वर दोन मैत्रिणींना त्याचा नंबरही दिला, याची लाज अजून वाटते.

पुढच्या वर्षी कर्जासाठी बँकेने रिटर्न मागितलं. पोर्टल उघडेना. आधारच्या ओटीपीने पासवर्ड बदलून आत गेले, तर माझ्या नावापुढे मोबाइल त्याचा आणि ईमेल कुठलातरी तिसराच. नोटीस आली असती तरी मला पत्ता लागला नसता. रिटर्नमध्ये इंधन 2 लाख 16 हजार, ड्रायव्हरचा पगार 1 लाख 20 हजार (ड्रायव्हर मीच!) आणि गाडीच्या कर्जाचा अख्खा हप्ता खर्चात. खर्च धरायचं तर त्यातलं फक्त व्याज, तेही कामाच्या वापरापुरतं.

जाब विचारायला गेले तर त्याने शांतपणे एक कॅरीबॅग पुढे केली. ‘कोणी विचारलंच तर ही बिलं दाखवा.’ घरी येऊन टेबलावर पसरली. सगळ्यांवर एकच हस्ताक्षर. तारखा एप्रिल ते मार्च, पण बिलांचे नंबर एकापाठोपाठ एक. आणि प्रत्येकावर डिझेल. माझी वॅगनआर सीएनजीवर चालते.

मग एका सीए बाईंकडे गेले. त्यांनी कागदावर आकडे मांडले तेव्हा जास्त राग आला. माझ्यासारख्यांना तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम 44एडीएखाली जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येत होती, उरलेल्या निम्म्यात गाडीसकट सगळा खर्च आला. म्हणजे 8 लाखांवर, नव्या करप्रणालीत, त्या वर्षीच्या दराने कर 36,400. बाकी 1,23,600 हक्काने परत मिळणारच होते! त्याने उत्पन्न 7 लाखांच्या आत दाबून कर शून्य केला. निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवला की ऑडिट लागतं, तेही केलं नव्हतं. 24 हजार त्याला गेल्यावर माझ्या हाती खोटेपणाचे 12,400 राहिले होते.

खोटे खर्च विभागाने पकडले तर त्यावरच्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. त्याआधीच आम्ही अपडेटेड रिटर्न, म्हणजे आपली चूक आपणच दुरुस्त करणारं रिटर्न, भरलं: 36,400, त्यावर व्याज, आणि या दोन्हींवर आणखी 25 टक्के. मार्च 2026 उलटला असता तर हेच 50 टक्के झाले असते. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशाच दलालांवर देशभर 150 ठिकाणी धाडी घातल्या, त्यातही टाकाऊ ईमेलची हीच युक्ती निघाली. सही माझी, जबाबदारी माझी. त्याचं नाव रिटर्नवर कुठेच नाही.

परवा त्याचा मेसेज आला: ‘ताई, यंदाचं भरायचं ना? गाडी आहेच आपली.’