उणे बाकी: मॅक्सने शून्य करावी की फॉरमॅटने दाखवावी?

खानापूर तालुक्यातल्या वीटभट्टीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचा म्हणजे उणे आकडे येणारच. गिऱ्हाइकं आगाऊ पैसे देऊन ठेवतात, विटा सवडीनं नेतात. 'बिल वजा जमा' असा कॉलम टाकला की कितीतरी खाती उणे दिसतात, आणि मालक विचारतात, "हे मायनस कशाला दाखवायलंय ओ?"

यावर दोन तोडगे चालतात, दोन्ही मी वापरलेत. पहिला म्हणजे मॅक्स(०, बिल − जमा), दोन्हींतला मोठा आकडा घेणारं सूत्र. उणे आलं की शून्य, कॉलम स्वच्छ. इफ हे अटीचं सूत्र वापरूनही हेच होतं, पण त्यात तीच वजाबाकी दोनदा लिहायची आणि पुढे एक बदलली की दुसरी तशीच राहते, म्हणून इफ मी सोडूनच दिला. दुसरा तोडगा: सूत्र साधी वजाबाकीच ठेवायची आणि कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये, म्हणजे आकडा कसा दिसावा हे आपण ठरवतो तिथं, तीन भाग करायचे. अधिक आकड्यापुढे 'येणे', उणे आकड्यापुढे 'जमा', शून्याला नुसती रेघ. दुसऱ्या भागात वजाचं चिन्ह घातलं नाही की ते दिसत नाही, आकडा मात्र आत उणेच राहतो.

मॅक्सचं मला खटकलं ते बेरजेत. समजा एकाचं बिल ८४,००० आणि जमा ६०,०००. दुसऱ्याचं बिल ३२,५०० आणि जमा ५०,०००. पहिल्याकडून २४,००० येणे, दुसऱ्याचे १७,५०० आपल्याकडे. खरी निव्वळ बाकी ६,५००. मॅक्सचा कॉलम बेरीज सांगतो २४,०००. दुसऱ्याचे पैसे कागदावरून गायबच! महिनाअखेर ही यादी खतावणीशी काही केल्या जुळत नाही, आणि फरक कुठल्या खात्यात आहे ते शोधायला पुन्हा सगळी बिलं उघडून बसायचं. मालक शेजारी उभे असले तर विचारूच नका. फॉरमॅटच्या वाटेनं बेरीज बरोबर येते, शिवाय सम-इफला, म्हणजे अटीत बसणाऱ्या आकड्यांचीच बेरीज करणाऱ्या सूत्राला, 'शून्यापेक्षा कमी' ही अट दिली की लोकांचे किती पैसे आपल्याकडे पडून आहेत ते एका खान्यात कळतं.

मॅक्स वाईट असं मी म्हणणार नाही. तीस दिवसांवरचं व्याज काढायचं असेल तर 'दिवस − ३०' उणे आल्याला काही अर्थच नसतो. तिथं मॅक्सच हवा. पण ज्या उणे आकड्यामागं कुणाचे तरी पैसे आहेत तो शून्य करू नये, असं माझं आपलं मत.

फॉरमॅटची कटकटही सांगतो. लाखाचे स्वल्पविराम (१,००,००० असे) आणायला 'आकडा लाखावर असेल तर' अशा अटींचा जो फॉरमॅट लोक वापरतात, तो अधिक आकड्यांपुरताच चालतो. शिवाय त्याचे तिन्ही भाग अटींतच संपतात, मग 'येणे-जमा'ला जागा उरत नाही. त्यापेक्षा विंडोजचं रीजन भारत करा, साधा फॉरमॅटही लाखाचे स्वल्पविराम दाखवतो. रुपयांपुढचे पैसे छाटायला इंट हे सूत्र वापरत असाल तर त्याऐवजी ट्रंक घ्या, कारण इंट −१७,५००.५० चे −१७,५०१ करतो. आणि सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) एक्सेल दिसतं तेच लिहितो, म्हणजे 'जमा' हा शब्दही आकड्याबरोबर जातो. ऑडिटरला फाइल पाठवण्याआधी तेवढ्या कॉलमचा फॉरमॅट 'जनरल' (साधा) करून घ्या.