हा ‘मी’ कोण गो?

फोंड्याला आमच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, दर रविवारी आम्ही पाचजणी वाचायला बसतो. या पावसाळ्यात घेतली उर्सुला ले ग्विन यांची १९६९ सालची विज्ञान कादंबरी, ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. सहाव्या प्रकरणाला धाकट्या जावेने पुस्तक पालथं घातलं. ‘‘वैनी, हा ‘मी’ कोण गो? इतका वेळ गेन्ली सांगत होता ना?’’

प्रश्न रास्त आहे. गेन्ली आय हा गेथेन या बर्फाळ ग्रहावर आलेला परका दूत. सुरुवातीला बहुतेक सगळं तोच सांगतो. तिथल्या एका देशाचा पंतप्रधान एस्त्राव्हेन त्याला आतल्या गाठीचा वाटतो, म्हणून आपल्यालाही वाटतो. सहाव्यात एस्त्राव्हेनच ‘मी’ म्हणून बोलू लागतो, आणि कळतं की या दूताची बाजू घेतल्यामुळे तो हद्दपार होतोय. गेन्लीवर विश्वास ठेवला याची मला अक्षरशः लाज वाटली. पुढे दोघं स्लेज ओढत बर्फावरून निघतात, तेव्हा तोच तंबू कधी याच्या डोळ्यांनी दिसतो, कधी त्याच्या. ‘आय’ हे नाव एस्त्राव्हेनला कुणी वेदनेने ओरडावं तसं ऐकू येतं. ठेच लागली की आपल्या तोंडून निघतं तेच! तिथे मला पुढे वाचवेना.

तक्रार आहे ती नावांबद्दल. मध्ये मध्ये जुन्या लोककथा येतात. नवव्या प्रकरणातल्या कथेत अरेक आणि थेरेम आहेत. एस्त्राव्हेनचं स्वतःचं नाव थेरेम, त्याच्या मेलेल्या भावाचं अरेक. पण कथेतली माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वीची. दोन रविवार आम्ही एकाचं दुसऱ्याच्या माथी मारत होतो. नावं मुद्दाम फिरून आली आहेत हे उमगेपर्यंत दोघींनी पुस्तक सोडलं होतं, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

गेथेनची माणसं एरवी ना बाई ना पुरुष. महिन्यातले थोडेच दिवस दोहोंपैकी एक होतात. इंग्रजीतला ‘मी’ हे झाकून ठेवू शकतो. जावेला सहावं प्रकरण मराठीत सांगायला बसले आणि पहिल्याच क्रियापदाला अडले. एस्त्राव्हेन ‘मी उठलो’ म्हणेल की ‘मी उठले’? सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘‘तें’ म्हण गो त्याला.’’ कोंकणीत लहान मुलीला आपण ‘तें’च म्हणतो. तेव्हापासून आमच्या घरात एस्त्राव्हेन ‘तें’ झालं आणि गोष्ट सरळ लागली. गेन्ली मात्र सगळ्यांना ‘तो’ म्हणत राहतो. माझ्या मते त्याची फसगत तिथूनच सुरू होते.

जरूर वाचा. फक्त प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर पेन्सिलीने बोलणाऱ्याचं नाव लिहीत चला. सातव्यापाशी थांबा, ते गेन्लीचंही नाही, एस्त्राव्हेनचंही नाही, आधी येऊन गेलेल्या एका तपासनीस बाईचं टिपण आहे.