तिरक्या विणीसाठी चौकोनी माग घ्यावा की त्रिकोणी?

वाकळेतल्यासारखे शंकरपाळी तुकडे हातात मावणाऱ्या पिनांच्या मागावर (कडांना पिना लावलेल्या छोट्या चौकटीवर) विणायचे, तर दोन वाटा आहेत. चार इंची चौकोनी मागावर सरळ विणायचं आणि जोडताना तुकडा कोनावर उभा करायचा. नाहीतर त्रिकोणी माग घ्यायचा आणि दोन त्रिकोण लांब बाजूने जोडायचे.

चौकोनीवर आधी उभे धागे, मग आडवे, परत उभे. आडवे धागे दोन उभ्या थरांत सापडतात, म्हणजे नुसतं गुंडाळताना अर्धी वीण होऊन जाते. उरलेल्या १६ ओळी लांब सुईने, एक वर एक खाली. तुकड्याला साधारण सात मीटर लोकर लागते. सुईची ओळ चुकली तर तेवढीच उसवायची.

त्रिकोणीवर क्रोशाचा हुक पुरतो. लांब बाजूच्या टोकापासून सुरुवात; दर फेरीला एक आडवा धागा पडतो आणि दोन्ही कडांना एकेक उभा. वीण टोकांकडून मध्याकडे सरकते. शेवटी हुक घालायलाही जागा नसते, पिना बोटाला टोचतात. आणि चौथ्या फेरीची चूक विसाव्या फेरीत दिसली की सोळा फेऱ्या उलट्या काढा!

खरा फरक माग सोडल्यावर कळतो. त्रिकोणाची लांब बाजू धाग्याला समांतर, ती हलत नाही. आखूड बाजू धाग्यांना तिरक्या, त्या ओढाल तशा ताणतात. म्हणून स्कार्फ, स्टोल त्रिकोणाचेच. कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरताना गळ्याशी छान पडतात. मी मात्र त्याचीच भाजीची पिशवी केली. कपिलतीर्थ मार्केटात दोन किलो बटाटे टाकले आणि पिशवी गुडघ्याला लागली. पिशवी, आसन, वाकळ यांना चौकोनीच बरा. पहिलाच माग घेत असाल तरीही तोच.

चौकोनी विकतचा घ्या, कारण त्यातल्या पिना गटागटाने असतात, ते घरी जमत नाही. त्रिकोणी घरी होतो. लांब बाजू ३० सेंमी, तिच्यावर ५ मिमीवर एक असे ६० बारीक खिळे. आखूड बाजू २१ सेंमीच्या, तिथे अंतर ७ मिमी, प्रत्येकी ३० खिळे. सगळीकडे एकच अंतर धरून मी पहिली फ्रेम वाया घालवली.

इचलकरंजीचं शंकूच्या आकाराच्या रिळावरचं (कोनचं) सूत स्वस्त पडेल म्हणून आणाल, पण ते बारीक. चौकोनीवर चार-पाच पदर एकत्र घेतले तर चालतं. त्रिकोणीवर एखादा पदर हुकातून निसटतोच, तिथे लोकरच घ्या.