ब्रिज डिझायनर : काड्या चिकटवण्याआधी वापरावे असे मोफत सॉफ्टवेअर

आइसक्रीमच्या काड्यांचा किंवा बाल्सा लाकडाचा पूल करण्याचा प्रकल्प मिळाला, की बहुतेक गट लगेच काड्या आणि फेविकॉल घेऊन बसतात आणि कोणत्या काडीवर किती बल येते याचा विचार पूल मोडल्यावर सुरू होतो. तो विचार आधी करायला लावणारे सॉफ्टवेअर म्हणून मी ‘ब्रिज डिझायनर’ची मनापासून शिफारस करतो. अमेरिकेतील वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतील स्थापत्य अभियांत्रिकीचे तत्कालीन प्राध्यापक स्टीफन रेसलर यांनी ते शालेय विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी तयार केले असले, तरी डिप्लोमा आणि पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांनाही ते उत्तम उपयोगी पडते. ते मोफत आहे आणि मोजमापे मीटर व किलोन्यूटनमध्ये असल्याने आपल्या मुलांना एककांचा त्रास होत नाही.

पडद्यावर सांधे मांडायचे, ते पोलादी घटकांनी, म्हणजे दांड्यांनी, जोडायचे आणि चाचणी सुरू करायची. ट्रक पुलावरून सरकू लागला, की दाबाखालील घटक लाल आणि ताणाखालील निळे होत जातात. मध्याजवळचा एखादा कर्ण, म्हणजे तिरपा घटक, ट्रक पुढे जाताना निळ्याचा लाल होताना दिसला, म्हणजे चलभाराने (सरकत्या भाराने) बलाची दिशा कशी उलटते, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा कितीतरी लवकर समजते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते वरच्या जीवेचे, म्हणजे पुलाच्या सांगाड्याच्या वरच्या कडेच्या आडव्या घटकांचे, काम. तिथला लांब, बारीक भरीव घटक दाबाखाली लचकून, म्हणजे बाजूला वाकून, निकामी होतो, पण त्याच्या जागी पोकळ नळी घातली किंवा मध्ये सांधा देऊन त्याची लांबी निम्मी केली, तर तो तग धरतो. बारीक घटकाची लांबी निम्मी झाली की त्याची लचकण्याविरुद्धची क्षमता चौपट होते, हे गणितज्ञ ऑयलरचे सूत्र इथे हाताला लागते. मात्र नळी किलोमागे महाग पडते आणि प्रत्येक नव्या सांध्याने व घटकाच्या प्रत्येक वेगळ्या मापाने खर्च वाढतो. त्यामुळे केवळ मजबूत नव्हे, तर स्वस्त आणि पुरेसा मजबूत पूल शोधावा लागतो, आणि अभियंत्याचे खरे काम तेच आहे.

आता मर्यादा. सॉफ्टवेअर पोलादाचे आहे, म्हणून त्यातील घटकांची क्षमता लाकडाला लागू करू नये. पण साध्या निश्चित ट्रसमध्ये (त्रिकोणांच्या अशा सांगाड्यात, ज्यातील बले केवळ समतोलाच्या समीकरणांनी काढता येतात) भारामुळे येणारी बले आकार आणि भार यांवर ठरत असल्याने बलांचे प्रमाण प्रतिकृतीसाठीही खरे राहते. अधिक गंभीर बाब अशी, की त्यातील सांधे कधीच तुटत नाहीत आणि विश्लेषण एकाच प्रतलात होते. काड्यांचा पूल मात्र बहुधा सांध्यातच सुटतो किंवा बाजूला पिळवटून कोसळतो. काड्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या, की त्यांचे अक्ष एका रेषेत राहत नाहीत आणि काडीला वाकवणारे जादा बल निर्माण होते. म्हणून शिक्षकांनी सॉफ्टवेअरमधील आराखडा मंजूर करतानाच सांध्यांच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या, दोन ट्रसमधील आडवे-तिरपे आधार आणि गोंद पूर्ण वाळेपर्यंत चिमट्यांनी दाबून ठेवण्याची मुदत, या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.