दूषित जमिनीची तपासणी: अनुदान मागावं की ईपीएलाच करायला सांगावं?

अमेरिकेतल्या छोट्या नगरपालिकेत नियोजन खात्यात काम करणाऱ्या मैत्रिणीपुढे हा पेच आहे. गावात बंद पेट्रोलपंपाची पडीक जागा आहे आणि मातीत काय मुरलंय ते माहीत नाही. ते तपासायला ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, दोन वाटा देते: तपासणीसाठी अनुदान, किंवा ‘टार्गेटेड असेसमेंट’, म्हणजे ईपीएनेच करून दिलेली तपासणी.

पैसा: अनुदानाचा निधी पालिकेच्या हाती येतो. ‘टार्गेटेड असेसमेंट’मध्ये हाती डॉलरही पडत नाही, ईपीए आपला कंत्राटदार पाठवते आणि अहवाल देते.

खरा फरक कष्टात आहे. अनुदानासाठी देशभर स्पर्धा, लांबलचक प्रस्ताव, मिळालंच तर सल्लागार नेमण्याची निविदा आणि दर तिमाहीला अहवाल. दोन माणसांच्या खात्याला हे झेपत नाही. (प्रस्ताव लिहिणाराच नोकरी सोडून गेला, तर विचारूच नका.) टार्गेटेडसाठी ईपीएच्या विभागीय कार्यालयाकडे विनंती करायची, छाननी असते, पण तो व्याप नसतो.

आवाका: अनुदानातून अनेक जागांची यादी, पहिल्या टप्प्याची तपासणी (जुनी कागदपत्रं आणि जागेची पाहणी), दुसऱ्या टप्प्याची (माती-पाण्याचे नमुने), स्वच्छतेचं नियोजन, लोकांच्या बैठका, सगळं बसतं. टार्गेटेड साधारण एकेका जागेपुरतं.

प्रत्यक्ष सफाईचा खर्च दोन्हींत नाही. आणि जागा विकत घेताना जुन्या प्रदूषणाच्या जबाबदारीपासून कायदेशीर संरक्षण हवं असेल तर पहिल्या टप्प्यातले मुख्य भाग खरेदीआधीच्या 180 दिवसांतले लागतात, म्हणून फार आधी करून ठेवू नका.

एकच जागा आणि खरेदीदार दारात उभा असेल, तर टार्गेटेड. नदीकाठची जुन्या कारखान्यांची अख्खी पट्टी असेल आणि कागदपत्रं सांभाळणारं माणूस असेल, तर अनुदान.